दोनशे चार

मुलानं फोनवर सांगितलं, "अण्णा, घर घेतलं. दोनशे चारमध्ये आहे." मला वाटलं फ्लॅटचा नंबर असेल. दुसरा मजला, चौथं दार. मी लगेच विचारलं, "लिफ्ट आहे ना? तुझ्या आईचे गुडघे दुखतात." तिकडून तो इतका हसला की सूनबाईनं फोन काढून घेतला आणि समजावलं, "अण्णा, घर बैठंच आहे, मागे अंगणही आहे. दोनशे चार म्हणजे शाळांचा डिस्ट्रिक्ट."

२०२४ च्या ऑगस्टच्या मध्यावर आम्ही दोघं अमेरिकेत त्याच्याकडे गेलो आणि फेब्रुवारीत परत आलो. नायगारा पाहिला, त्यावर सगळ्यांनीच लिहून ठेवलंय. मी लिहिणार आहे ते या दोनशे चारबद्दल. कारण डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा, आणि मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. शिक्षक म्हणून लागलो, मुख्याध्यापक झालो, शेवटची चार वर्षं केंद्रप्रमुख. दुसऱ्याच्या शाळेत शिरलो की नजर आधी छताकडे जाते. ती सवय अजून सुटलेली नाही.

शिकागोच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर नेपरव्हिल हे गाव आहे. तिथल्या या डिस्ट्रिक्टचं पूर्ण नाव 'इंडियन प्रेअरी कम्युनिटी युनिट स्कूल डिस्ट्रिक्ट २०४'. क्षेत्रफळ ४६ चौरस मैल. आमचा एक तालुकाच याच्या आठनऊपट भरेल. पण एवढ्याशा जागेत सव्वीस हजारांच्या आसपास मुलं. २१ प्राथमिक शाळा, ७ मिडल स्कूल, ३ मोठी हायस्कूलं. 'युनिट' म्हणजे बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं एकाच कारभाराखाली. तिथंच शेजारपाजारी असेही डिस्ट्रिक्ट आहेत ज्यांच्याकडे नुसती प्राथमिक, आणि हायस्कूल दुसऱ्याच डिस्ट्रिक्टकडे. एका इलिनॉय राज्यात असे साडेआठशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट. मी मुलाला म्हटलं, "साडेआठशे शिक्षणाधिकारी? बदल्यांचा मोसम कसा सांभाळतात?" तो म्हणाला, "अण्णा, इथं बदल्या नसतात. मास्तर अर्ज करून त्याच डिस्ट्रिक्टात लागतो आणि बहुधा तिथंच निवृत्त होतो." हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो. सेवेतली किती वर्षं बदलीच्या यादीकडे डोळे लावण्यात गेली, त्याचा हिशेब मी केलेला नाही, करणारही नाही.

हा डिस्ट्रिक्ट १९७२ साली तीन लहान ग्रामीण डिस्ट्रिक्ट एकत्र करून झाला. १९७२ म्हटलं की आमच्या पिढीच्या माणसाला दुसरं काही आठवत नाही. मी बारा वर्षांचा होतो. वडील खडी फोडायला दुष्काळी कामावर, आणि घरात रेशनची लाल मिलो. ती ज्वारी अमेरिकेतून यायची. भाकरी थापली की चिरा पडायच्या आणि रंग विटकरीसारखा. आता ज्या गावात मुलाचं घर आहे तिथं तेव्हा मैलोन्‌मैल मक्याची शेतं होती. तिथले शेतकरी आपल्या मुलांसाठी शाळा एकत्र करत होते, आणि मी इकडे त्यांच्याच देशाची मिलो खाऊन सातवीचा अभ्यास करत होतो. याचा अर्थ काय, हे मला विचारू नका. मनात आलं, लिहिलं.

१९७० मध्ये नेपरव्हिलची वस्ती तेवीस हजारांच्या आसपास होती, २०२० च्या जनगणनेत दीड लाखाला टेकली. शेतं गेली, घरं आली, घरांमागून मुलं. १९७५ ला पहिलं हायस्कूल झालं वॉबॉन्सी व्हॅली. १९९७ ला नीक्वा व्हॅली. २००९ ला मेटीया व्हॅली. ही नावं माझ्या जिभेवर बसायला गणपती यावा लागला.

गणपती ७ सप्टेंबरला होते. मुलाच्या घरी दीड दिवसाचा. आरती झाली, मोदक फिरले, आणि बाप्यांचा घोळका स्वयंपाकघरातल्या ओट्याभोवती जमला. पुण्याचा एक, नाशिकचा एक, दोघं नागपूरचे. मला वाटलं राजकारण निघेल. निघालं ते "२०३ चांगला की २०४?" कारण नेपरव्हिल गाव एक, पण डिस्ट्रिक्ट दोन. २०३ जुना, त्याची नेपरव्हिल सेंट्रल आणि नेपरव्हिल नॉर्थ ही दोन हायस्कूलं. मग २०४ मधल्यांचं आपसात सुरू झालं, नीक्वा की मेटीया. मग 'प्रोजेक्ट ॲरो', म्हणजे हुशार मुलांसाठीचा वेगळा वर्ग. त्याच्या परीक्षेत कुणाची मुलगी बसली, कुणाची राहिली. एक नागपूरकर दबक्या आवाजात म्हणाला, "आम्ही दुसरीपासूनच कुमोनची शिकवणी लावली होती जी." मी मनात म्हटलं, ही तर आपली शिष्यवृत्ती! मीही जादा तास घ्यायचो, चाळीसच्या बल्बखाली, चौथीच्या पोरांना पोत्यावर बसवून. फरक इतकाच की माझ्या पोरांच्या बापांना परीक्षेची तारीखसुद्धा मला सांगावी लागायची.

त्याच संध्याकाळी मी एक शहाणपणा केला. म्हटलं, "डिस्ट्रिक्टचं नाव इंडियन प्रेअरी ठेवलंय, आपली इतकी मंडळी आली म्हणून का?" सगळे हसले, मीही हसलो. नातीला मात्र हसू आलं नाही. ती तिसरीत. म्हणाली, "आबा, ते इंडियन वेगळे. वॉबॉन्सी त्यांचा चीफ होता."

तिच्यामुळे मी वाचायला बसलो. पोटावाटोमी नावाचे लोक इथं राहत. वॉबॉन्सी हा त्यांचा प्रमुख, आणि नीक्वा हे त्याच्या मुलाचं नाव असं सांगतात. मेटीया दुसरा प्रमुख. १८२१ साली शिकागोच्या तहाच्या वेळी त्यानं गोऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर भाषण केलं होतं, आमची जमीन आधीच थोडी उरली आहे अशा अर्थाचं. १८३३ च्या शिकागोच्या तहानं उरलीसुरलीही गेली आणि पोटावाटोमींना मिसिसिपी नदीपलीकडे जावं लागलं. वॉबॉन्सीही गेला. म्हणजे तिन्ही हायस्कूलांना नावं कुणाची, तर ज्यांना इथून घालवून दिलं त्यांची. पलीकडच्या डिकाल्ब कौंटीत शाबेने नावाच्या प्रमुखाची १२८० एकर जमीन होती, १८२९ च्या तहानं राखून दिलेली. तो नातलगांना भेटायला कॅन्ससला गेला असताना सरकारनं ती लिलावात विकून टाकली. त्यातली १३० एकर एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे आम्ही जायच्या चार महिने आधी, केंद्र सरकारनं त्यांच्या वारसांसाठी मान्य केली. वारसांनीच आधी ती पैसे मोजून परत विकत घेतली होती. पुनर्वसनाचे कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली धरणग्रस्त माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचून नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की इलिनॉयमध्ये या लोकांचा इतिहास शाळेत शिकवणं त्याच वर्षापासून कायद्यानं सक्तीचं झालं. आशियाई वंशाच्या अमेरिकनांचा इतिहास त्याच्या दोन वर्षं आधी. नात दोन्हीकडचे इंडियन एकाच वहीत लिहिते.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं.

मुलानं सप्टेंबरचा दुसरा हप्ता भरला तेव्हा मी त्याच्याकडून घरपट्टीचं बिल मागून घेतलं आणि चष्मा लावून ओळन्‌ओळ वाचलं. आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती, आरोग्य, पाणी असे रकाने असतात. तिथंही तसेच. कौंटी, जंगल राखणारं खातं, टाउनशिप, गाव, बागांचा वेगळा डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज, इतकंच काय विमानतळाचासुद्धा एक रकाना. पण या सगळ्यांची बेरीज एकीकडे आणि 'स्कूल डिस्ट्रिक्ट २०४' ही एक ओळ एकीकडे. वर्षाच्या अकरा हजार डॉलरांतले सात हजारांच्या वर त्या एका ओळीत. मी दोनदा बोट ठेवून पाहिलं. शाळेसाठी आपण किती देतो हे इथल्या प्रत्येक घरमालकाला छापील आकड्यात माहीत असतं. माझ्या अख्ख्या नोकरीत कुणा पालकानं मला विचारलं नाही, की गुरुजी, या शाळेवर वर्षाला किती खर्च होतो. त्यांचा दोष नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. पगार वरून यायचा, खिचडीचा तांदूळ वरून यायचा, पत्र्यासाठीचा प्रस्ताव वर जायचा आणि वरच राहायचा.

ज्या नाशिककराचं नाव मी घेत नाही तो ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं आहे. तोही तितकाच कर भरतो, पण त्याला मत नाही. आणि तिथं मत लागतंच. ५ नोव्हेंबरला अध्यक्षाची निवडणूक होती, सगळ्या जगाचं तिकडे लक्ष. त्याच मतपत्रिकेवर दोनशे चारचा एक प्रश्न होता. शाळांच्या इमारती, सुरक्षितता वगैरेंसाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज काढू का? होय की नाही? ऑक्टोबरभर आमच्या गल्लीत अंगणाअंगणांत पाट्या लागल्या होत्या. ३१ तारखेला नरक चतुर्दशी आणि त्यांचं हॅलोविन एकाच दिवशी आलं. पहाटे नातीला उटणं लावून न्हाऊ घातलं आणि संध्याकाळी ती चेटकिणीची टोपी घालून चॉकलेटं मागायला निघाली. मी तिच्यामागे पिशवी धरून. एका दारात म्हातारी बाई भेटल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला शाळेच्या कर्जाचं सांगायला सुरुवात केली. जुनी कर्जं फिटत आलीत म्हणून कर वाढणार नाही, पण कमी व्हायचा होता तो होणार नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. त्यांची मुलं केव्हाच शिकून गेलेली. मी पाहुणा आहे, मला मत नाही, हे कसंबसं सांगितलं, तर म्हणाल्या, मग मुलाला सांगा. ते होयच्या बाजूनं की नाहीच्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ठराव मंजूर झाला.

नेहमीच होतो असं नाही. तिसऱ्या हायस्कूलसाठी २००५ साली लोकांनी नाही म्हटलं होतं, पुढच्या वर्षी तोच विषय परत आणून मंजूर करून घेतला. मग जागेचं रामायण. हमरस्ता ५९ आणि पंचाहत्तराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ब्राच-ब्रोडी नावानं ओळखली जाणारी जमीन डिस्ट्रिक्टनं संपादन करायला घेतली. कोर्टात ज्यूरीनं भाव ठरवला एकरी पाच लाख डॉलरच्या वर. डिस्ट्रिक्टचे डोळे पांढरे झाले, त्यांनी ती जागाच सोडली आणि ऑरोरा गावात इओला रस्त्यावर शाळा बांधायला काढली. मग पालकांचा एक गट कोर्टात गेला, जमीनमालकही गेले. एवढं होऊन २००९ ला मेटीया उघडली. भूसंपादन, वाढीव मोबदला, स्थगिती... मला हे सगळं इतकं ओळखीचं वाटलं की परदेशात आहोत हे क्षणभर विसरलो.

बोर्डाच्या एका सभेलाही मी जाऊन बसलो. सात सभासद, लोकांनी चार वर्षांसाठी निवडलेले, बिनपगारी. कुणीही उठून माईकपुढे उभं राहायचं, मोजकी मिनिटं बोलायचं. एक आई बसच्या थांब्याबद्दल बोलली. दीड मैलाच्या पलीकडच्या मुलाला बस फुकट द्यावी लागते, तसा राज्याचा कायदाच आहे. तिचं घर त्या रेषेच्या जरासं अलीकडे पडत होतं. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समिती आहे, तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, कायद्यात लिहिलंय. मी सचिव म्हणून तिची इतिवृत्तं लिहिली आहेत. खरं सांगतो, निम्मी इतिवृत्तं मी सभेआधी लिहायचो आणि नंतर घरोघरी सह्या, अंगठे घेत फिरायचो. 'सर्वानुमते मंजूर'. कोण येणार? ज्वारीची काढणी चालू असायची.

शाळा आतून पाहिली नोव्हेंबरात, पालकभेटीच्या दिवशी. नाव लिहीत नाही, मुलाची तशी ताकीद आहे. छत उत्तम. बाईंनी नातीची वाचनाची पातळी, गणितातली चूक कुठं होते, मैत्रिणींशी कशी वागते, हे सगळं पंधरा मिनिटांत वही दाखवत सांगितलं. वर्गाच्या कपाटात टिश्यूच्या खोक्यांची थप्पी होती. ते खोके, खडू, पेन्सिली पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला यादीप्रमाणे द्यायचे असतात. एवढा श्रीमंत डिस्ट्रिक्ट आणि नाक पुसायचा कागद पालकांचा! हे पाहून मला का कोण जाणे, बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही. एका दुपारी नात घरी आली, दूध पिता पिता सहज सांगत होती. आज ड्रिल होतं. दिवा बंद करून, दारापासून लांब, कोपऱ्यात गप्प बसायचं. बंदूकवाला आला तर. "मी मुळीच हलले नाही आबा," असं कौतुकानं सांगितलं. दरवर्षी हे करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे म्हणे. आमची ही देवघरात जाऊन बसली. मी चौतीस वर्षांत पोरांना विंचू, साप, वीज आणि ओढ्याचा पूर यांपासून कसं जपायचं ते शिकवलं. हे शिकवायची पाळी माझ्यावर आली नाही.

आता जे लिहायला कचरतोय ते लिहितो.

मुलगा एकदा गाडी चालवताना म्हणाला, "अण्णा, शाळेला फी नाही हे खरं, पण फी मी घराच्या किमतीत भरलीय." पलीकडच्या ऑरोरा गावाचा पूर्वेकडचा तुकडा दोनशे चारमध्ये आहे, पण बाकीचं गाव दुसऱ्या डिस्ट्रिक्टांत. ईस्ट ऑरोराचा डिस्ट्रिक्ट १३१ हा बराचसा मेक्सिकोकडून आलेल्या कष्टकरी घरांचा. घरं स्वस्त, म्हणून कर कमी गोळा होतो. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलून अशा ठिकाणी जादा पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठं थोडी भर पडतेय. रेषेपलीकडे राहून खोटा पत्ता देऊन मूल घातलं तर तो तिथं गुन्हा आहे. आपल्याकडे आरटीईच्या पंचवीस टक्क्यांसाठी शाळेच्या किलोमीटरभरातले भाडेकरार तयार होतात, ते आठवलं. मी त्याला जरा फुशारकीनंच म्हणालो, "म्हणजे शाळा सरकारी, पण कुंपण पैशाचं."

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. कारण मी झेडपीचा मुख्याध्यापक असताना माझा हा मुलगा तालुक्याच्या गावी खासगी संस्थेच्या इंग्रजी शाळेत होता. रोज सकाळी त्याला फटफटीवरून फाट्यावर सोडायचो, एसटीत बसवायचो आणि गाडी वळवून उलट्या दिशेनं माझ्या शाळेवर जायचो. एकदा पारावर एकानं विचारलं होतं, "गुरुजी, आमची पोरं तुमच्याकडं, आन्‌ तुमचं पोरगं कुणाकडं?" मी हसण्यावारी नेलं. माझी शाळा वाईट नव्हती. दोन पोरं शिष्यवृत्तीत जिल्ह्याच्या यादीत आणली होती मी. तरी माझं पोरगं मी तिथं घातलं नाही, आणि माझ्या बरोबरीच्या बहुतेक शिक्षकांनीही घातलं नाही. नंतर गावातल्या ज्यांना जमलं त्यांनी आमचंच पाहून पोरं काढून घेतली. पट घसरला, तेव्हा आम्ही म्हणालो, इंग्रजी शाळांनी मुलं पळवली.

दोनशे चारमध्ये त्या बाईंची मुलं कुठं शिकतात, हे मी पालकभेटीत विचारणार होतो. सूनबाईनं डोळ्यांनी खुणावलं. पण नातीनं नंतर सांगितलं, बाईंचा मुलगा तिच्याच शाळेत पाचवीत आहे. एकाच गाडीतून येतात दोघं.

फेब्रुवारीत निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्या होत्या. नात पलंगावर पालथी पडून विचारत होती, "आबा, तुमच्या डिस्ट्रिक्टचा नंबर काय?" म्हटलं, आमच्याकडे डिस्ट्रिक्टला नंबर नसतो बाळा, शाळेला असतो. यू-डायस नंबर. अकरा आकडे. मी दर महिन्याला किती कागदांवर लिहिला असेल तो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बायकोचा फोन नंबर विसरतो, पण तो विसरत नाही. "सांगा ना," म्हणाली. मी सुरुवात केली, दोन, सात, मग पुढचे. तिनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, शेजारी २०४ लिहिलं, आणि मग विचारलं, "यातले इतके झीरो कशाला?"